निव्वळ माल: एक माणूस

३ फेब्रुवारी, सोमवार

वॉर्ड ऑफिसचा कागद अखेर आला. सहा महिन्यांपूर्वी मी अर्ज टाकला होता, आणि तो तिथल्या उंदरांनी खाल्ला असं धरून चाललो होतो. कागदात लिहिलंय की गल्लीत दोन टनांहून जड खाजगी गाड्यांना बंदी हवी असेल, तर एक्केचाळीस घरांपैकी दोन तृतीयांश घरांच्या सह्या आणा. म्हणजे अठ्ठावीस. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि शाळेची बस यांना सूट. मुदत पंधरा मार्च.

आमची गल्ली चौदा फूट रुंद. लोक सायकलवर फिरायचे तेव्हा आखलेली. एका टोकाला छापखाना, दुसऱ्या टोकाला शाळेचं मागचं दार. आता या चौदा फुटांत साडेसहा फूट रुंदीच्या अकरा गाड्या मुक्कामाला असतात. त्यांना गाड्या म्हणायचं म्हणजे जिभेला कष्ट. चाकं लावलेल्या खोल्याच त्या. आत एक माणूस, कोपऱ्यात हरवलेला. तो पाव किलो टोमॅटो आणायला निघतो तेव्हा शाळेच्या दाराशी धुराचा असा लोट उठतो की दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी होतात. मुलांची फुप्फुसं काही दोरीवर वाळत घातलेली नसतात, म्हणून ती कुणाला दिसत नाहीत.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयात झालं. पण एका विषयात मला कुणी शिकवू शकत नाही, तो म्हणजे वजन. चौतीस वर्षं ट्रकच्या काट्यावर काढली. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, मग रिकामा घ्यायचा, वजाबाकी केली की निव्वळ माल. काट्याला कॉम्प्युटर बसला तेव्हा छापील पावत्यांची दोन डझन पुस्तकं टाकून देणार होते, ती मी घरी आणली. ही तेव्हा म्हणाली होती, "याचं काय लोणचं घालणार?"

आज उत्तर सापडलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली पावती दातांच्या डॉक्टरला. गाडीचं वजन कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. माणसाचं वजन मी नजरेनं सांगतो, चूक झाली तर दोन किलोंची.

भरलेलं वजन २५७४. रिकामं वजन २४८०. निव्वळ माल ९४ (एक माणूस, एक डबा).

पावती वायपरखाली लावली. कार्बनखालची प्रत पुस्तकात राहिलीच, काट्याची शिस्त. डॉक्टर संध्याकाळी दारात हजर.

"काका, हे काय आहे?"

"पावती. तुम्ही रोज अडीच टन लोखंड हलवता ते चौऱ्याण्णव किलोंसाठी. एखाद्या ट्रकवाल्याने असा धंदा केला असता तर मालकाने त्याला हाकलला असता."

"माझं वजन चौऱ्याण्णव नाही. अठ्ठ्याऐंशी आहे."

"डबा धरून सांगितलं होतं. मग डबा सहा किलोंचा असेल."

तो हसला नाही, पण त्याच्या बायकोचं हसू मागून ऐकू आलं. रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिने येऊन सही केली. घर तिच्या नावावर आहे. वॉर्डाचा नियमच तसा, घर ज्याच्या नावावर त्याचीच सही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ सह्या झाल्या. आमच्या घराची अजून नाही. आमचं घर हिच्या नावावर, हिच्या मावशीने दिलेलं. कागद पुढे केला तर म्हणाली, "बघू."

"बघू काय? सही कर."

"आत्ता बाहेर जायचंय मला."

मंगळवारी आणि शुक्रवारी ही खुब्याच्या व्यायामाला जाते, त्या फिजिओवालीकडे. सात महिने झाले. सोबत असते कुणाची तरी. मी म्हटलं, आल्यावर कर. आल्यावर पाय दुखत होता. मग मीही फार ताणलं नाही, अजून खूप घरं बाकी आहेत. आपली सही काय, खिशातच आहे.

हिच्या खुर्चीवरची हिरव्या चौकड्यांची उशी महिनाभर दिसत नाही. कापूस भरायला दिलीय म्हणते. महिनाभर कापूस भरतोय म्हणजे तो माणूस बहुतेक आधी कापूस पेरतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुलगा संध्याकाळी चहाला आला. पाइपांच्या कंपनीत मोठा साहेब आहे, पण चक्क चालत आला. तीन किलोमीटर. मी विचारलं, "तुझी छोटी गाडी कुठंय?"

"विकली, बाबा."

ऊर भरून आला. हिला म्हटलं, बघ, माझ्या पावत्यांचा परिणाम परक्यांवर व्हायचा तेव्हा होईल, घरात आधी झाला. ही कप विसळत होती, तोंड वळवून. मुलगाही खाली बघत होता. विनय लहानपणापासूनच आहे त्याच्यात. एवढं चालून आला पण बुटांना धूळ नाही, घाम नाही. चालण्याची पद्धत चांगली असली की असं होतं.

त्याला कागद वाचून दाखवला. म्हणाला, "एवढं कशाला मनावर घेता? काही लोकांना गरज असते उंच गाडीची."

"जिराफांना असेल."

तो लवकर गेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गल्लीच्या तोंडाशी, छापखान्याजवळ, एक नवीन काळं धूड उभं राहायला लागलंय. अकरात एक बाहेरची भर. किल्लीवाला, जो तिथेच छत्रीखाली बसतो, म्हणाला मंगळवारी आणि शुक्रवारी येते. मालक कोण म्हटलं तर खांदे उडवले.

सकाळी मोजपट्टी घेऊन गेलो. बॉनेट जमिनीपासून चार फूट. पहिलीतलं पोर साडेतीन फूट. पोर पुढे उभं राहिलं तर चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते जन्मालाच आलेलं नाही. आणि काचा काळ्या. आतल्यांना बाहेरचं कमी दिसतं ते दिसतं, वर बाहेरच्यांनी आतलं बघायचं नाही. एवढी लाज वाटते तर घेता कशाला?

काचेला नाक लावून पाहिलं. पुढच्या सीटवर पाठीला उशी ठेवलेली, हिरव्या चौकड्यांची, अगदी आमच्यासारखी. म्हणजे एवढी अवाढव्य गाडी घेऊनही पाठ दुखतेच. पावती लिहिली:

भरलेलं वजन २७८५. रिकामं २६५०. निव्वळ माल १३५ (एक चालक, एक लाडावलेली बाई, तिची उशी).

छान जमली. दिवसभर मनातल्या मनात म्हणत होतो.

रात्री ताट वाढताना ही म्हणाली, "लाडावलेल्या बाईचं वजन किती धरता तुम्ही?"

"पन्नास."

"सत्तेचाळीस असेल."

माझ्या कामात हिला रस वाटू लागलाय, हे बरं झालं. पण भाजीत मीठ नव्हतं, आणि मागितलं तर मिळालंही नाही. पाय जास्त दुखत असावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बावीस सह्या. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई माझ्याबरोबर चार घरं फिरल्या. बाई आल्या की लोक आपोआप सरळ उभे राहतात.

कंत्राटदाराने मात्र अंगणातूनच हात केला. त्याच्याकडे गल्लीतलं सगळ्यात मोठं धूड आहे. रोज सकाळी पंधरा मिनिटं जागेवरच घुरघुरवत ठेवतो, आत गारवा व्हावा म्हणून. स्वतः तोवर घरात दाढी करतो. म्हणजे रिकामी गाडी गार होते आणि शाळेच्या दारातली पोरं खोकतात.

"काटेवाले काका," तो म्हणाला, "पैसा मी कमावला, गाडी मी घेतली, पेट्रोल मी भरतो. तुम्हाला नक्की काय दुखतं?"

"नाक. धूर तेवढा तुम्ही घरी घेऊन जात नाही ना."

"जगात किती गाड्या आहेत. माझ्या एकीनं काय होतंय?"

"काट्यावर प्रत्येक ट्रकवाला हेच म्हणायचा. अजून दोनच पोती टाकतो, काय होतंय. मग पूल खचला की प्रत्येकजण म्हणायचा, माझ्या दोन पोत्यांनी नाही खचला."

"सह्या अठ्ठावीस झाल्या की बोलू," म्हणाला आणि आत गेला. हसत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. चष्मा नाही. सांगतो.

दहा वाजता छापखान्यातून सहीच्या कागदाच्या प्रती काढून बाहेर आलो. वारा होता. हातातले कागद सुटले आणि त्या काळ्या गाडीच्या पुढे जाऊन पडले. मी उकिडवा बसलो गोळा करायला. इंजिन चालू होतं, ऐकू येत होतं. पण असल्या गाड्या उभ्या असतानाही चालूच असतात, म्हणून लक्ष दिलं नाही. आणि ती पुढे आली.

जोरात नाही. सावकाश, अंगावर सावली येते तशी. मागे सरायला गेलो तर तोल गेला, बसकण मारली, चष्मा उडाला. वर बघतो तर आभाळाच्या जागी जाळी. किल्लीवाला धावत आला आणि त्याने बॉनेटवर हातोडीच घातली. तेव्हा थांबली. माझ्या गुडघ्यात आणि त्या लोखंडात वीतभर अंतर असेल.

किल्लीवाल्याने मला उभं केलं. त्या काळ्या काचेकडे तोंड करून मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आतून कुणी उतरलं नाही. एवढा वेळ थांबून राहिली ती गाडी, पण उतरलं कुणी नाही. मग मागे गेली, वळताना माझा चष्मा चाकाखाली घेतला आणि निघून गेली. माणसाला चिरडता चिरडता राहिले तरी यांना पायरी उतरून "लागलं का" विचारायला जड जातं. मी आयुष्यभर ट्रकवाले पाहिले, दारू प्यालेले, तीन दिवस न झोपलेले. कुत्रं आडवं आलं तरी ते उतरून बघायचे.

ही व्यायामाहून आली ती सरळ आडवी झाली. चेहरा पांढरा. मी सगळं सांगितलं तेव्हा माझा हात धरून ठेवला. जेवलीही नाही. म्हटलं, अगं, मला काही झालं नाही. तर रडायलाच लागली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला मुलाचा फोन. "बाबा, बरे आहात ना?" तीनदा विचारलं. "गुडघा? कंबर? चष्म्याचं काय करणार? चांगल्या दुकानात करा, मी बघतो त्याचं."

त्याचा आवाज ऐकून मलाच त्याची काळजी वाटली. मुलांना कळत नाही असं आपण उगाच म्हणतो. मी अजून त्याला काही सांगितलंही नव्हतं.

किल्लीवाल्याला नंबर विचारायला गेलो. "नंबर? नाही बुवा बघितला. माझं लक्ष तुमच्याकडे." हा माणूस गल्लीतल्या प्रत्येक घराच्या किल्लीचे दात तोंडपाठ सांगतो. आमच्या मुलाच्या सायकलच्या कुलपाची किल्ली तीस वर्षांपूर्वी कशी होती ते परवाच सांगत होता. आणि समोरच्या गाडीचा नंबर दिसला नाही. माझ्या नजरेला नजरही देत नव्हता. घाबरला असेल, मोठ्यांच्या भानगडीत कोण पडतं.

ती गाडी त्यानंतर आली नाही.

१ मार्च, शनिवार

सत्तावीस. मुख्याध्यापिकाबाई बाकीच्या घरी फिरल्या, मी अंदाजाने त्यांच्यामागे. परवाची गोष्ट ऐकून पाच जणांनी न बोलता सह्या केल्या. म्हणजे माझं बूड आपटलं ते फुकट गेलं नाही. उरलेली चौदा घरं: दहांकडे धुडं आहेत, तिघं परगावी, आणि चौदावं आमचं.

ही म्हणते, "बघू."

आज पहिल्यांदा आवाज चढवला. "गल्लीभर फिरतोय मी, आणि माझ्याच घरात बघू? मी मेलो असतो त्या दिवशी."

"माहीत आहे मला," ही म्हणाली. एवढंच.

६ मार्च, गुरुवार

कंत्राटदाराने रस्त्यात गाठलं. भोवती चारपाच जण.

"किती झाल्या काका?"

"सत्तावीस."

"म्हणजे घरच्यांची नाहीच. आधी आपलं घर काट्यावर घ्या, मग आमच्या गाड्या घ्या."

हसले सगळे. मी काहीतरी उत्तर दिलं, धड आठवत नाही. घरी येईपर्यंत कान तापले होते. चौदा फूट गल्ली आज चौदा कोस वाटली.

८ मार्च, शनिवार

काल नवा चष्मा आला. आज सगळ्यात आधी पावत्यांची पुस्तकं काढली. किल्लीवाला विसरला, पण कार्बन विसरत नाही. १४ फेब्रुवारीची प्रत, लाडावलेली बाई आणि तिची उशी, वर गाडीचा नंबर, स्वच्छ.

हिला दाखवलं. "सोमवारी पोलीस चौकीत जातो हे घेऊन. बघतोच कोण आहे तो."

हिने पुस्तक हातात घेतलं. मग म्हणाली, "उद्या त्याला चहाला बोलावते. सोमवारचं सोमवारी."

चौकीत जाताना मुलगा बरोबर असलेला बरा, हा विचार तिला सुचला, मला नाही.

९ मार्च, रविवार

कसं लिहावं कळत नाही. घडलं तसं लिहितो.

मुलगा आला. ही म्हणाली, "ठेव ती इथे." त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. काळी, जाडजूड, साबणाच्या वडीएवढी. मी विचारलं, कशाची? मग ही आत गेली आणि कार्बनची प्रत आणून किल्लीशेजारी ठेवली.

मला तरी कळेना. चौतीस वर्षं वजाबाकी केलेला माणूस. शेवटी मुलगाच म्हणाला, "बाबा, मी होतो. आई शेजारी होती."

मी उठून उभा राहिलो आणि परत बसलो.

"तू उतरला नाहीस," एवढंच म्हणता आलं.

"नाही उतरलो. तुम्ही काचेसमोर ओरडत होता. मी चालवत होतो हे तुम्हाला कळलं असतं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग एकदम चिडला, चूक केलेली माणसं चिडतात तसा. "आणि का घेतली ते विचारा ना. आईला खाली वाकून गाडीत बसता येत नाही. छोट्या गाडीत बसताना दर वेळी डोळ्यात पाणी यायचं तिच्या. ही उंच आहे, नुसतं सरकलं की बसता येतं. सात महिन्यांत तुम्ही एकदा तरी नेलंत तिला? कुणाबरोबर जाते ते विचारलंत?"

"सोबत असते म्हणाली."

"कुणाची?"

मी दुसरंच बोललो. म्हटलं, खुबा सत्तेचाळीस किलोंच्या बाईचा, त्यासाठी अडीच टनांहून जास्त? चाकाची खुर्ची पुरते तिथे चाकाची खोली कशाला? सीटवर ती लाल शिवण कुणासाठी? आणि सूनबाईही तीच गाडी घेऊन केस कापायला जात असेल, ते कुठल्या खुब्यासाठी? तो म्हणाला, तुमचा पर्यावरणाचा पुळका वाचनालयात सुरू होतो आणि गल्लीच्या तोंडाशी संपतो. मी म्हटलं, तुझी माया शोरूममध्ये सुरू होते. चांगलाच रंग चढला होता.

"झालं?" ही म्हणाली. "माझ्या खुब्यावरून भांडायचं तेवढं भांडून घ्या, मग मी बोलते."

मुलगा खुर्चीत मागे टेकला.

"गाडी सुखाची आहे," ती मुलाला म्हणाली. "खोटं नाही बोलणार. पहिल्या दिवशी वर बसले तेव्हा मला बरं वाटलं. सगळे खाली, मी वर. त्या दिवशीही तशीच बसले होते. छापखान्याची पाटी दिसत होती. सिग्नल दिसत होता. लांब पुलावरची माणसंसुद्धा दिसत होती. यांच्या टोपीचा शेंडाही दिसला नाही. तू म्हणालास, आई, रस्ता मोकळा आहे ना? मी म्हटलं, हो, मोकळा आहे. मी म्हटलं. बेचाळीस वर्षं ज्याच्याबरोबर राहिले तो माणूस चार हातांवर, आणि मी म्हटलं, मोकळा आहे."

मुलाने डोळ्यांवर हात घेतला.

"दार उघडायला गेले तर पायात जोर नव्हता. तू म्हणालास आत्ता नको, आणि मी ऐकलं. ते मला अजून गिळवत नाही."

मग माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं, माझी सुटका झाली.

"आणि तुम्ही. लाडावलेली बाई. गल्लीतल्या प्रत्येक गाडीत कोण बसतं ते काचेला नाक लावून बघितलंत. घरातलं माणूस मंगळवारी, शुक्रवारी कशात बसून जातं ते नाही बघावंसं वाटलं. सही करते मी. पहिल्या दिवशीच केली असती. पण सही केली की याची गाडी छापखान्याशीही उभी राहणार नाही, आणि तिथपर्यंत चालत जातानाच मी चार ठिकाणी थांबते, त्यापुढे कुणाचा हात धरायचा ते मला आधी कळू दे."

"मी नेईन," मी म्हटलं.

"रस्ता माहीत आहे?"

"पोस्टाच्या मागे ना?"

"तिथून पाच महिन्यांपूर्वी हलली ती."

तिने सही केली. सावकाश, मावशीच्या घराच्या कागदांवर आहे तसं, आडनाव धरून पूर्ण नाव. मुलगा किल्ली उचलून गेला. चहा प्यायला नाही. दारात म्हणाला, "पोलिसांत जाणार असाल तर सांगा, मी स्वतः येतो." मी म्हटलं, नाही जाणार. हे न्याय म्हणून म्हटलं की बाप म्हणून, माहीत नाही. परक्याच्या पोराला मी सोडलं नसतं, हे मात्र पक्कं माहीत आहे.

१० मार्च, सोमवार

कागद वॉर्डात दिला. अठ्ठावीस सह्या कारकुनाने दोनदा मोजल्या आणि शिक्का मारला. महिन्याभरात पाटी लागेल म्हणाला. कंत्राटदार बाहेर भेटला, "जमवलीत म्हणे शेवटची."

"माझी नाही, माझ्या बायकोची. माझी सही चालतच नाही," मी म्हटलं. पंधरा मिनिटांनी त्याचं धूड शाळेच्या दाराशी घुरघुरत होतंच. अजून महिनाभर मजा करा म्हणावं.

वाटलं होतं आनंद होईल. घरी येऊन झोपलो.

११ मार्च, मंगळवार

साडेनऊला निघालो, अकराच्या वेळेसाठी. ही म्हणाली एवढ्या लवकर कशाला? मी म्हटलं, बघू. तिचाच शब्द.

गल्ली पार करायला वीस मिनिटं लागली. चार नाही, सहा ठिकाणी थांबलो. पहिला थांबा डॉक्टरच्या कठड्याशी, दुसरा विजेच्या खांबाशी. हे सगळे कठडे हिला ओळखीचे, कुठला बसण्याइतका रुंद आहे, कुठल्याला खिळा आहे. मी या गल्लीची रुंदी इंचात सांगतो, आणि तिची ही मापं मला ठाऊक नव्हती. किल्लीवाल्याने आम्हाला पाहून आपलं स्टूल पुढे केलं. त्याला म्हटलं, नंबर आठवला का? तो म्हणाला, "कसला नंबर?" आणि कानस घासत राहिला. बरा माणूस आहे.

बस आली. पायरी उंच. कंडक्टर दारात उभा, आतली वीसएक माणसं आमच्याकडे बघत. मी उजवीकडून हिच्या काखेत हात घातला आणि भार उचलला, काट्यावर पोती उचलायचो तसा नेटाने. ही कळवळली.

"काय झालं?"

"डावा आहे," ती म्हणाली.

"काय डावा?"

"खुबा. डावा आहे, अहो. तुम्ही उजवीकडून उचललंत की सगळा भार त्यावर येतो."

मी तिच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. बसमधल्या कुणीतरी घड्याळ बघितलं. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली होती, पण ओढली नाही.

"आता?" मी विचारलं.

"थोडं खाली धरा," ती म्हणाली.